काठाच्या दोन ओळी

३ जुलै, गुरुवार
एकदाची पेरणी झाली. छत्तीस तुकडे, प्रत्येक पाच मीटर बाय तीन. चार वाण, त्यात आपला ४१७. कंबर मोडली.
आजूबाजूच्या दहा गावांत धानाचं एक रोप नाही, म्हणून तर कंपनीने हे धरणाखालचं वावर घेतलं. परक्या धानाचे परागकण उडत येण्याची भीती नाही. गावाला मात्र अजून वाटतं की डॉ., म्हणजे कंपनीचे आमचे संशोधक, जागा चुकले. दूधवाला आजही म्हणाला, "धान पिकवाचं तं गोंदियाले जा म्हना तुह्या डॉक्टरले." चार वर्षं रोज तेच. त्याला कंटाळा कसा येत नाही.
काठ्या रोवल्या. पांढरी = तणनाशकाचा फवारा. पिवळी = हाताने निंदण. लाल = तण जसं येईल तसं येऊ द्यायचं, हात लावायचा नाही. लाल बारा. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय फवाऱ्याने किती फायदा झाला ते कळत नाही.
नवी वही मिळाली. डॉ. नी दरवर्षीचा मंत्र पुन्हा ऐकवला: खोडरबर वापरायचं नाही, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची आणि खाली सही. "चूकसुद्धा दिसली पाहिजे, मनीषाताई." मला हा माणूस याच वाक्यासाठी आवडतो.
यंदा वही नीट उतरली तर ४१७ पुढच्या चाचण्यांना जाईल, आणि मला नोकरीत पक्कं करतील. असं म्हणाले. कागदावर नाही, पण म्हणाले.

१४ जुलै, सोमवार
निंदणाच्या टोळीला वावर समजावून दिलं. टोळी म्हणजे आईंची. सासूबाईंना आई म्हणायला मला लग्नानंतर आठ दिवसही लागले नव्हते. माझी आई गेल्यावर तर ती हाक एकाच माणसाला उरली. गावात त्या गोदाबाई, बारा बायांच्या मुकादम.
बाया लाल काठ्यांना हसत होत्या. शेवंता म्हणाली, "गवत राखाले मानूस ठेवला म्हना की." मी म्हटलं, तो माणूस मीच.
आईंना सगळं बारकाईने हवं असतं. काठाच्या दोन ओळी का मोजत नाही, विचारलं. मी सांगितलं: काठाला वारा, ऊन, जागा जास्त मिळते, तिथलं पीक खोटं वाढतं. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंच्या दोन-दोन ओळी सोडून फक्त मधलं कापायचं, मधलंच तोलायचं.
"म्हंजे काठ दाखवाले, अन् मदात खरं," आई म्हणाल्या.
किती चटकन कळतं बाईला. शाळा चौथी.

१९ जुलै, शनि.
लाल काठीत तण गुडघ्याला यायला निघालंय. आईंची घालमेल. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. कुणीतरी बोललं म्हणे, गोदाबाईची टोळी म्हातारी झाली, अर्धं वावर सोडून गेली. आई दिवसभर फणफणत होत्या.
मी पाटी लावू का विचारलं. "पाटी कोन वाचते व? लोकं वावर वाचतात."

२२ जुलै, मंगळ.
फवारा झाला. आपल्याकडे सोयाबीनला मारतात तेच औषध. सगळं धान त्याने मरतं, ४१७ मरत नाही. एवढाच सगळा खेळ.
चार वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. बियाण्याला रसायन लावून त्याच्यात बदल घडवले होते, पुढच्या पिढीचं अख्खं वावर पेरून त्यावर हाच फवारा. पंधराव्या दिवशी सगळं करपलेलं. डॉ. छत्री घेऊन उभे, तोंड पडलेलं. आणि आई, ज्या फक्त पाणी द्यायला आल्या होत्या, चालता चालता वाकल्या. "हे एक जित्तं हाय." डॉ. म्हणाले फवारा चुकला असेल. कुंडीत काढून पुन्हा मारला. जित्तंच. ओळ क्र. ४१७.
डॉ. आईंच्या पाया पडायला निघाले होते तेव्हा. खरंच. म्हणाले, वाण आला तर नाव 'गोदा' ठेवू. आई लाजून पदर तोंडाला लावून पळाल्या. मग चार वर्षं त्या रोपाच्या पोराबाळांची चौकशी रोज.

२९ जुलै, मंगळ.
पांढऱ्या काठ्यांत तण नव्या पानापासून पिवळं पडत चाललंय. ४१७ ज्यातून निघाला तो मूळ वाणही पिवळा. ४१७ मधोमध उभा, हिरवागार, शहाण्यासारखा. फोटो काढले, डॉ. ना पाठवले. त्यांनी अंगठे पाठवले, सहा.
आई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या राहून बघत होत्या बराच वेळ. मग म्हणाल्या, "याले निंदण लागनच नाई."
"काम हलकं होईल ना आई."
"कोनाचं?"
मी कामात असल्यासारखं केलं. कामात नव्हते.

१ ऑगस्ट, शुक्र.
आज वावरात कार्यक्रम. मंडप, खुर्च्या, माईक. भंडारा-गोंदियाकडचे बियाणे विक्रेते दोन गाड्या भरून. गावातले शेतकरीही आले, जेवण होतं.
फ्लेक्स बघितला. ४१७ च्या फोटोवर मोठ्या अक्षरांत नाव: 'बिनघोर'. मी डॉ. ना विचारलं, गोदाचं काय? म्हणाले, मार्केटिंगवाल्यांनी ठरवलं, मी बोललो होतो. बोलले असतीलही. आई चहाचे कप मांडत होत्या, त्यांनी फ्लेक्सकडे एकदाच बघितलं. पुढचा कप उचलला.
डॉ. चं भाषण. तणव्यवस्थापन, मजुरीखर्च, कार्यक्षमता. लोक जांभया द्यायला लागले. डॉ. म्हणाले, मनीषाताई, जरा तुमच्या भाषेत सांगा. माईक हातात आला. मग मला चेव चढला, काय सांगू. म्हटलं,
"आता बायांच्या मांगं फिराचं काम नाई, त्यायचे नखरे आयकाचं काम नाई. एक फवारा मारा अन् घरी जाऊन झोपा!"
मंडप हसून लोळला. टाळ्या. डॉ. पण हसले. मीही.
मग दिसलं, टोळी मागेच उभी. बाराच्या बारा. हातात ट्रे. शेवंताने तोंड फिरवलं. आई माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे. अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

२ ऑगस्ट, शनि.
सकाळी पाय धरायला गेले. म्हटलं, हसवायला बोलले, मनात काही नव्हतं.
"जाऊ दे. खरंच हाय ते," म्हणाल्या. भाकरी थापत राहिल्या. "सोयाबीनचं निंदन याच औषधानं गेलं. पऱ्हाटीचं फवाऱ्यानं न मरनारं बी चोरून आलंच हाय. आता धान. तू काय नवं बोलली."
यापेक्षा त्यांनी मला झापलं असतं तर बरं.
उद्या डोणगावला भावाकडे बारसं आहे. मी जाऊ नये म्हणत होते, वावर कोण बघणार. आईच म्हणाल्या, "जाय व, दोन-चार दिस राह्य. भावाकडं किती दिसानं जाऊन राह्यली. वावर मी पाह्यतो." डब्यात सांडगे बांधून दिले. म्हणजे राग गेला. वावराच्या गेटची किल्ली त्यांच्याकडे ठेवली.

६ ऑगस्ट, बुध.
आले परत. बारसं छान. वहिनीने मुलीला माझ्या आईचं नाव दिलं, मी रडले, सगळ्यांनी रडू दिलं.
वावरावर चक्कर. सगळं ठीक. लाल काठ्या तणात बुडालेल्या. आई पाठ धरून बसल्या आहेत, म्हणतात वाकून उभं राहवत नाही. तेल चोळून दिलं.
किती सरळ मनाने चोळलं मी ते तेल!

(ही वरची ओळ आज, ३ सप्टें. ला लिहिली. रेघ मारत नाही.)

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा
पंधरा दिवस नुसता पाऊस. काळ्या मातीत पाय घातला की चप्पल तिथेच. आत कुणी गेलं नाही. पिवळ्या काठ्यांचं दुसरं निंदण लांबलं. लाल काठीत तर तसंही काम नसतं, दोन महिन्यांनी मोजणी, तोवर धुऱ्यावरून बघायचं.
हे नांदुऱ्याच्या जिनिंग कारखान्यातून दोन दिवस सुट्टीवर आले आहेत. जिनिंगचा हंगाम सुरू व्हायच्या आत घराची कौलं फेरायची म्हणतात. आई आणि ह्यांचं बैल सजवण्यावरून भांडण, दोघंही खुश.

२ सप्टें., मंगळ.
काहीतरी गडबड आहे.
आज लाल काठ्यांची मोजणी. अर्ध्या मीटरची चौकट टाकायची आणि आतलं तण उपटून मोजायचं. पहिल्या लाल तुकड्यात काठावरून तण बाजूला सारत आत गेले आणि आत... आत मोकळं. थोडं नवं, बोटभर गवत, बस. धान छान फुटलेलं. मला वाटलं तुकडा चुकले. काठी पाहिली. लाल. दुसरा. तसाच. बाराही तसेच.
मातीत बोट घालून पाहिलं. मुळासकट काढलंय, आणि माती वरून दाबलीय. असं निंदण या पंचक्रोशीत एकच हात करतो.
वहीत आकडे जे आले ते लिहिले. अक्षर बघवत नाही.

३ सप्टें., बुध.
विचारलं. सकाळी, चुलीपाशी.
"आई, तुम्ही लाल काठीत गेल्त्या?"
"मले काय मालूम."
"आई."
मग म्हणाल्या, "हाव, गेल्ती. तू डोनगावले होती तवा. लोकं बोलत होते, नाई पाह्यवलं गेलं. जलमभर गवत पाह्यलं की हात जाते, काय करू? हाताले काय समजते काठी लाल का पिवळी."
आणि रडल्या. मी पण. जवळ घेतलं. म्हटलं, जाऊ द्या, सवयीची चूक. मी बघते काय करायचं ते. उलट मलाच वाईट वाटलं, की मी हे आधी ओळखायला हवं होतं. जन्मभर निंदणाऱ्या बाईला बारा तुकडे तण दाखवत ठेवायचं, ही पण एक मारझोडच.
संध्याकाळी वावरात पुन्हा गेले. धुऱ्यावर उभी राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसतं ते बघायला.
दिसतं तण. नुसतं तण. कमरेएवढं.
लोकांच्या बोलण्याला लाजून उपटलं असतं तर आधी काठ साफ केला असता ना. रस्त्याकडचा तर पहिला.
काठ तसाच ठेवलाय. चारही बाजूंनी. मोजलं.
दोन ओळी. बाराही तुकड्यांत बरोबर दोन ओळी.

५ सप्टें., शुक्र.
दोन दिवस घरात बोलले नाही. जेवणही त्यांनी वाढलेलं नको वाटतं. मीच शिकवलं. मीच सांगितलं मधलंच तोलतात म्हणून. 'काठ दाखवाले अन् मदात खरं.' आणि मी वहीत कौतुक लिहून ठेवलंय, चटकन कळतं बाईला!
दोन-चार दिस राह्य म्हणे. सांडगे बांधून दिले.
आज तोंडावर बोलले. म्हटलं, "सवय नव्हती ती. तुम्ही ठरवून केलं. तण राहिलं असतं तर फवाऱ्याचा फायदा दिसला असता. तण काढलं म्हणजे लाल काठीतही पीक येणार, मग फवारा कशाला असं दिसणार. तेच पाहिजे होतं ना?"
आई भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.
"तू माईकवर बोलली तवा मले इचारून बोलली का?"
"ती मस्करी होती. हे माझं काम आहे, आई! चार वर्षं! तुम्हीच तर ते रोप..."
"हाव. मीच वाकली होती. मालूम असतं तं सरळ चालत गेली असती."
मग निवडलेली भाजी बाजूला सारून, "बारा जनी हाय माह्या मांगं. शेवंताले नवरा नाई, पोरगा नाई. तुले पगार हाय."
मी उठून आले. आणखी थांबले असते तर नको ते बोलले असते. नको ते म्हणजे, तुम्ही माझ्या आई नाही.

९ सप्टें., मंगळ.
डॉ. ना फोनवर सांगायचं नव्हतं. आज ते आले तेव्हा आत नेऊन दाखवलं. कुणी केलं ते आधी सांगितलं नाही. म्हटलं, लाल काठी बाद, हंगाम बाद, माझी जबाबदारी, किल्ली मी दिली होती.
वाटलं चिडतील. चिडले नाहीत. गुडघ्यावर बसले, माती बघितली, म्हणाले, "काय सुंदर निंदलंय." मग हसले. "सासूबाई?"
मी मान हलवली.
हाताची माती झटकत म्हणाले, "मागच्या वर्षीचे लाल काठीचे आकडे आहेत ना तुमच्याकडे?"
मला आधी समजलंच नाही.
"पाऊस सारखाच, जमीन तीच. हे घडलं नसतं तर तेच आकडे थोड्या फरकाने आले असते. आपण खोटं नाही लिहीत, मनीषाताई. जे झालं असतं ते लिहितोय."
मी म्हटलं, आणि ही वही? आकडे लिहिलेत मी, दोन तारखेचे.
"वही पावसात भिजली. नवी देतो. एका हाताने, एका पेनाने उतरवून काढा."
पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, चूकसुद्धा दिसली पाहिजे. चार वर्षं मी हे वाक्य नव्या मुलींना सांगत आले. त्यांच्या आवाजात, त्यांच्यासारखा चष्मा सरकवून.
गाडीत बसताना म्हणाले, खरं लिहायचं तर तेही लिहू शकता. पण मग कंपनी पोलिसांत तक्रार करणार, गेटला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे होती, सगळं निघेल. "तुमच्याच घरावर येईल ते. मला नको वाटतं." किती काळजी आमच्या घराची!

१० सप्टें.
काहीच नाही लिहवत.
एकीने वावरात फसवलं, एकाने वहीत. आणि दोघांनीही मला मायेने समजावलं.

१७ सप्टें., बुध.
नवी वही आली. कोरी, तसाच हिरवा पुठ्ठा. सोबत निळं पेन, अगदी जुन्या वहीतल्या शाईसारखं. कुणीतरी दुकानात उभं राहून शाई जुळवून बघितली असणार.
दोन्ही वह्या ट्रंकेत. ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. हे म्हणाले, आईचं नाव येऊ देऊ नको, बाकी तुला काय करायचं ते कर. म्हटलं, बाकी काय उरतं मग? म्हणाले, तू शिकलेली आहेस. घरात कुणालाही काही सुचेनासं झालं की मी शिकलेली असते.

५ ऑक्टो., रवि.
धामणगावच्या बाजारात शेवंता भेटली. कांदे घेत होती. एक ऑगस्टनंतर पहिल्यांदा बोलली.
"गोदाबाईनं एकटीनंच केलं ते. आमाले कोनाले नेलं नाई. म्हने पकडलं तं एकीलेच पकडू दे." मग म्हणाली, "दोन दिस वाकून होती. साठी पार बाई. लाथ मारावं वाटते अन् पाया पडावं वाटते."
मला फक्त पहिलं वाटत होतं. बाजारातून येईपर्यंत दुसरंही वाटायला लागलं, म्हणून आणखी राग आला.

६ नोव्हें., गुरु.
कापणी. नेहमीचीच टोळी, दुसरी आणायची कुठून. आई आल्या. लाल काठीत स्वतः उतरल्या, काठाच्या दोन ओळी आधी कापून बाजूला टाकल्या, मग मधलं. मी सांगितलं नव्हतं. नुसता विळ्यांचा आवाज.
दुपारी सगळ्या जेवायला बसल्या. माझ्या डब्यात आईंनी लोणच्याची फोड टाकली, न विचारता, नेहमीसारखी. खाल्ली. आंबट होतं म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं धरून चालू.

१० नोव्हें., सोम.
झोडणी, वाळवण, तोलणं झालं. काट्यावर मीच उभी.
४१७, फवारा: उत्तम. पिवळी, निंदलेलं: उत्तम, उन्नीस-बीस. लाल: पिवळ्याच्या थोडं खाली, पण कसलं खाली! जवळच बसलेलं. एकदाच निंदलं तरी. आणि मूळ वाण, फवाऱ्यात: शून्य.
म्हणजे ४१७ खोटा नाही. तो खरंच तगतो. त्याचा काही दोष नाही. बिचाऱ्याच्या नावावर काय काय चाललंय त्याला माहीत पण नाही.
आई काट्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "लालचं किती भरलं?"
सांगितलं.
मान हलवली. अभिमान होता तोंडावर. लपवला पण नाही. मला इतका संताप आला की पोतं सोडून तशीच घरी आले.

१२ नोव्हें., बुध.
डॉ. चा फोन. शुक्रवारी अकराला येतो, वही तयार ठेवा. पक्कं करण्याचं पत्र छापून झालंय, सोबत आणतो म्हणाले. म्हणजे पत्र खरंच आहे. चार महिन्यांत मला तेवढीच एक गोष्ट खोटी वाटत होती.
सकाळी नवी वही उघडली. ३ जुलैपासून उतरवायला घेतली. पेरणी, काठ्या, फवारा, सगळं खरं. दोन सप्टेंबरपर्यंत पोचले आणि पेन थांबलं. तारीख घातली, तुकडा क्र. ३ लाल, एवढं लिहिलं. पुढे मागच्या वर्षीचा आकडा. तो मला पाठ आहे. हात गेला नाही. आईंचा हात गवत बघून जातो, माझा इथे जात नाही. सवयच म्हणायची.

१३ नोव्हें., गुरु.
उद्या येणार.
दुपारी दोन्ही वह्या ओसरीवर घेऊन बसले होते. आई आल्या. समोर बसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून.
"लिवलं का?"
"काय लिवू?"
"झालं ते."
मी म्हटलं, तक्रार करतील. टोळीला कुणी कामाला बोलावणार नाही. माझं पत्र जाईल. ४१७ एक वर्ष मागे पडेल. यातलं तुम्हाला काय पाहिजे, सांगा एकदाचं. ओरडलेच मी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर.
त्यांनी ऐकून घेतलं. मग जुनी वही ओढली, उलटी होती ती सरळ केली. बोट फिरवलं पानावर.
"यात माह्यं नाव कुठीसा हाय?"
"नाही."
"चार सालाच्या वह्यात?"
"नाही आई."
"ते रोप कोनाले सापडलं, ते?"
मी चार वर्षांपूर्वीचं पान आठवलं. माझ्याच अक्षरात आहे. 'ओळ ४१७ मध्ये एक जिवंत रोप आढळले.' आढळले. कुणाला ते नाही. डॉ. नी तसं लिहायला शिकवलं होतं, वहीत माणसं आणायची नाहीत म्हणून. फ्लेक्सवर नाव आलं नाही म्हणून मी त्यांच्यावर किती चिडले होते. आणि पहिलं नाव तर मीच गाळलं.
आई म्हणाल्या, "धानाले नाव देतो म्हने, नाई देल्लं. आता वहीत लिव. गोदावरीनं लाल काठीतलं तन उपटलं, दोन दिसात, एकटीनं, मुळासकट. लिव. पुरं नाव लिवजो. पोलीस आले तं येऊ दे, मी सांगतो कसं उपटलं ते."
"आणि पुढच्या साली पुन्हा पेरलं तर?"
"पुन्हा उपटीन."
असं म्हणून आत गेल्या. सॉरी नाही, काही नाही. मला फसवलं त्याबद्दल एक शब्द नाही. आणि मीही माईकवरच्या शब्दाची माफी पुन्हा मागितली नाही. दोन्ही तिथेच ओसरीवर पडून आहेत.
जुन्या वहीत २ सप्टेंबरच्या पानावर, वेड्यावाकड्या आकड्यांखाली, लिहिलं. 'लाल काठीच्या बाराही तुकड्यांतील मधले तण ३ ते ५ ऑगस्ट दरम्यान हाताने काढले गेले आहे.' मग 'काढले गेले आहे' वर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'गोदावरीबाईंनी काढले.' मग पूर्ण नाव, सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट. चूकही दिसते, दुरुस्तीही.
रेघेखाली माझी सही लागते. ती जागा अजून कोरी आहे. नवी वही शेजारीच उघडी आहे, तुकडा क्र. ३ लाल, पुढे काही नाही.
आई आतून विचारतायत, चहा ठेवू का.
ठेवा म्हटलं.

१४ नोव्हें., शुक्र.
सव्वादहा. आईंनी नवं लुगडं नेसलंय. गेटची किल्ली मागितली, म्हणाल्या, डॉक्टर आले की मीच उघडीन. दिली.
धरणाकडच्या रस्त्यावर डॉ. च्या गाडीची धूळ दिसते आहे. दोन्ही वह्या मांडीवर.